एकाच मैदानासाठी आवाजाच्या तीन मागण्या: १०५, ५५ आणि "शेवटच्या घरापर्यंत". धरायची कोणती?

दारव्ह्याचा_साऊंडवाला

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जानेवारीत तीन दिवसांचा कार्यक्रम आहे. पहिल्या दोन संध्याकाळी खंजेरी भजन स्पर्धा आणि कीर्तन, तिसऱ्या संध्याकाळी नागपूरहून येणारा ऑर्केस्ट्रा. वेळ रोज ७ ते १०. साऊंड माझ्याकडे आहे. काम मनापासून नीट करायचं आहे, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

माझ्यासमोर तीन मागण्या आहेत आणि एकीचा दुसरीशी मेळ बसून नाही राहिला.

ऑर्केस्ट्रावाल्यांनी एका पानाचा कागद पाठवला आहे. त्यात लिहिलंय: "मिक्सरच्या जागी, स्टेजपासून ३० मीटरवर, १०५ डीबी विनाविकृती मिळाले पाहिजेत. सर्व प्रेक्षक भागात फरक ±३ डीबीच्या आत." बस, एवढंच.

पोलीस ठाण्याच्या परवानगीच्या पत्रात लिहिलंय: "आवाजाची पातळी ५५ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये." कुठे मोजायची, कशी मोजायची, काही नाही.

तिसरी मागणी समितीची, ती तोंडी आहे. अध्यक्ष म्हणतात, "दादा, जी म्हातारी माणसं मैदानापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांना घरी बसून कीर्तन ऐकू आलं पाहिजे. शेवटच्या घरापर्यंत आवाज गेला पाहिजे."

मैदान आठवडी बाजाराचं. लांबी अंदाजे ६० मीटर, रुंदी ४०. एका टोकाला गाव लागून आहे, दुसऱ्या टोकाला तुरीची वावरं. समितीने स्टेजची जागा वावराकडे आखली आहे, म्हणजे डेकची (स्पीकरच्या थप्पीची) तोंडं गावाकडे होतील. प्राथमिक आरोग्य केंद्र गावाच्या पलीकडच्या बाजूला, मैदानापासून बरंच दूर आहे.

माझ्याकडे चार टॉप (मधले-वरचे सूर वाजवणारे मोठे बॉक्स) आहेत, कंपनीच्या कागदावर प्रत्येकाचा कमाल आवाज १ मीटरवर १३३ डेसिबल. डबल १८ चे (१८ इंचाचे दोन स्पीकर असलेले) चार बेस. शिवाय १२ इंचाचे सहा लहान बॉक्स. जनरेटर समितीचा.

विचारायचं हे आहे: १०५ माझ्या सामानातून निघतील का? आणि निघाले तर ५५ चं काय करायचं? दोन्ही कागदांवर माझी सही मागून राहिले आहेत.

वऱ्हाडी_मिक्सर

भाऊ, सही करायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलं. तिन्ही मागण्या एकेक करून उलगडू. पण त्याआधी एक गोष्ट पक्की धरा: नुसता आकडा ही मागणीच नसते. डेसिबलचा आकडा कुठे मोजायचा, कोणत्या वेटिंगने (म्हणजे मीटर कोणते सूर किती धरतं) मोजायचा, किती वेळाची सरासरी धरायची आणि माईकसमोर तेव्हा काय वाजत असेल, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. ऑर्केस्ट्राच्या कागदात फक्त जागा दिली आहे. पोलीस पत्रात तीही नाही.

वेटिंगमुळे किती फरक पडतो ते पाहा. मीटरवर ए आणि सी अशी दोन सेटिंग असतात. ए हे सेटिंग हळू आवाजाला माणसाचा कान जसं ऐकतो त्याच्या जवळ जाणारं आहे, म्हणून ते बेस जवळजवळ मोजतच नाही. ५० हर्ट्झला ए सुमारे ३० डेसिबल वजा करतं, १०० हर्ट्झला १९. सी मात्र ५० हर्ट्झला एक-दीड डेसिबलच वजा करतं. त्यामुळे ढोलक, ऑक्टोपॅड, बेस गिटार असलेलं गाणं चालू असताना एकाच जागी, एकाच क्षणी सी वर १०५ दिसतात आणि ए वर ९३-९४. बेस जास्त ठेवला तर फरक १५ पर्यंतही जातो. तेव्हा ऑर्केस्ट्रावाल्यांचे १०५ हे ए आहेत का सी, हाच तुमचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न: हे १०५ सरासरी आहेत की तबल्याच्या थापेला क्षणभर दिसणारा शिखराचा आकडा? संगीतात शिखर आणि सरासरी यांत १० ते १५ डेसिबलचं अंतर सहज असतं.

आता तुमच्या सामानाचा हिशेब. कागदावरचे १३३ हे १ मीटरवरचे आणि शिखराचे आहेत. बहुतेक कंपन्या तो आकडा गणिताने काढतात, मोजून नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या मैदानात ६ डेसिबल कमी होतात. ३० मीटरपर्यंत साडेएकोणतीस गेले, उरले १०३ ते १०४. हे शिखर. सरासरी त्याच्या १२ खाली धरा: ९२. एकाच्या जागी चार टॉप म्हणून ६ मिळवा: ९८. पण ही सगळ्या मशीनचे (अँप्लिफायरचे) लाल दिवे पेटलेले असतानाची गोष्ट झाली. गावातल्या जनरेटरवर, तीन तास, काही जळू न देता वाजवायचं तर ६ डेसिबल हातात राखलेच पाहिजेत. म्हणजे तुम्ही इमानदारीने लिहून द्याल तो आकडा आहे ३० मीटरवर ९२ डेसिबल ए, सरासरी.

म्हणून त्यांचे १०५ जर ए सरासरी असतील तर तुमच्या सामानातून ते निघत नाहीत. १३ डेसिबल वाढवायला वीसपट पॉवर लागते. कोणी "अजून दोन मशीन लावा" म्हणेल, तर त्याला सांगा की पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल मिळतात, आणि तेवढ्याने मागच्या माणसाला जेमतेम फरक कळतो. आपल्याकडे सगळं "किती हजार वॅट" मध्ये बोलायची सवय आहे, पण वॅटवरून मैदानात किती आवाज होईल हे ठरत नाही. बॉक्सची संवेदनशीलता, त्याचं तोंड आणि अंतर यावरून ठरतं.

१०५ जर सी असतील तर तुमचे चार डबल १८ आणि चार टॉप मिळून ते आरामात देतात. कागदावर "१०५ सी, सरासरी, ३० मीटर" असं लिहून घ्या आणि सही करा.

±३ ची अट मात्र मला १०५ पेक्षा महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही. तिचा अर्थ सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या माणसाला मिळणाऱ्या आवाजात ६ डेसिबलपेक्षा जास्त अंतर नको. टॉप जमिनीवर, बेसवर रचून ठेवले तर ५ मीटरवर बसलेल्याला ५० मीटरवर बसलेल्यापेक्षा २० डेसिबल जास्त मिळतात. आणि पुढे कोण बसतं? आपल्या गावांत लहान पोरं बसतात. स्टेजला चिकटून, बेसच्या जाळीला पाठ टेकून बसतात. मागच्या माणसाला ऐकू यावं म्हणून आपण आवाज वाढवतो आणि तो सगळा त्या पोरांच्या कानात जातो. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने घातलेली मर्यादा आहे ८५ डेसिबल ए, ८ तास; दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी दिलेली वरची मर्यादाही १०० डेसिबल ए आहे, १५ मिनिटांच्या सरासरीत. आता बघा, ३० मीटरवर ९२ असतील तर जमिनीवरच्या डेकसमोर ३ मीटरवर ११२ होतात. तीन तास. ते पोर घरी जाऊन कान वाजतात म्हणतं आणि आपण म्हणतो, मजा आली.

म्हणून टॉप वर घ्या. मंडपवाल्याकडून पक्कं स्टँड किंवा टॉवर करून घ्या, साडेचार मीटरपर्यंत, आणि बॉक्सचं नाक मागच्या तिसऱ्या भागाकडे रोखा. पुढची पोरं मग बॉक्सच्या मुख्य झोताच्या खाली येतात आणि त्यांना बराच कमी आवाज मिळतो. बेससमोर ३ मीटरवर बांबूचा कठडा बांधा. स्टेजजवळच्या लोकांना शब्द मिळावेत म्हणून स्टेजच्या कडेवर तुमच्या लहान बॉक्सपैकी दोन हळू आवाजात ठेवा. मग मैदानाच्या मध्याला, २८ मीटरवर, लहान दोन बॉक्स मागच्या लोकांसाठी लावा आणि त्यांना उशीर द्या, म्हणजे त्यांचा आवाज थोडा मागून निघू द्या. जानेवारीतल्या संध्याकाळी आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास असतो. २८ मीटरला ८२ मिलिसेकंद, त्यात अजून १० मिळवा म्हणजे ऐकणाऱ्याला आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटेल. उशीर न देता मधले बॉक्स लावले तर कीर्तनकाराचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. त्यापेक्षा मधले बॉक्स नसलेले बरे.

आता समितीची मागणी. अध्यक्षांच्या बोलण्यामागची माया मला कळते. माझी आजी अशीच बाजेवर पडून सप्ताह ऐकायची. पण शेवटच्या घरापर्यंत जाईल एवढा आवाज मैदानातून सोडला की मधल्या घरांत तो पंधरा-वीस डेसिबल जास्त असतो. त्या घरांत तान्ही बाळं असतात, दहावीची पोरं असतात, नुकतंच ऑपरेशन झालेलं कोणी असतं. ज्या दोन-चार घरांत म्हातारी माणसं आहेत तिथे मिक्सरवरून मोबाईलने थेट प्रक्षेपण करा, ओट्यावर एक लहान स्पीकर द्या. कीर्तन घरात बोलल्यासारखं ऐकू येईल. समितीला हे स्वतः जाऊन सांगा, मला वाटत नाही ते नाही म्हणतील.

स्टेजची जागा बदला. हे सगळ्यात आधी. स्टेज गावाच्या टोकाला, पाठ गावाकडे, तोंडं तुरीच्या वावराकडे. टॉपच्या पाठीमागे मधले आणि वरचे सूर १५ डेसिबलपर्यंत कमी जातात, ते फुकट मिळतात. बेस मात्र पाठीमागेही तेवढाच जातो. त्यासाठी चारपैकी एक बेस उलटा, तोंड स्टेजकडे करून ठेवा, त्याची पोलॅरिटी (तारांचं अधिक-उणे) उलटी करा आणि बॉक्सची खोली मोजून उशीर द्या. १ मीटरला ३ मिलिसेकंद या हिशेबाने सुरुवात करा आणि पाठीमागे उभं राहून जिथे बेस सगळ्यात कमी होतो तिथे थांबा. समोरचा थोडा बेस जाईल, पण मागच्या घरांचे टिनपत्रे थरथरणार नाहीत.

५५ च्या बाबतीत कायद्याचं कलम जाणकार सांगतील. मी फक्त आवाजाचा हिशेब सांगतो: या मैदानावर मिक्सरपाशी ९२ ठेवून हद्दीवर ५५ काय, ६५ सुद्धा होत नाहीत. ३० मीटरवर ९२ म्हणजे ६० मीटरवर तोंडासमोर ८६. दोन्ही कागदांवर एकाच वेळी सही करू नका.

वकीलताई_यवतमाळ

वऱ्हाडी दादांनी आवाजाची बाजू नीट मांडली आहे, मी कायद्याची मांडते.

पत्रातले ५५ आले कुठून? ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० च्या अनुसूचीतून. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ आणि ५५, औद्योगिक क्षेत्रासाठी ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. हे सगळे आकडे डेसिबल ए मध्ये आहेत आणि कालावधीवर काढलेली सरासरी आहेत, क्षणाचे नाहीत. मुख्य म्हणजे ते परिसराचे आकडे आहेत, तुमच्या डेकसमोरचे नाहीत.

लाऊडस्पीकरसाठी त्याच नियमांतला नियम ५ वेगळा आहे. सार्वजनिक जागेत लाऊडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल ए ने जास्त, किंवा ७५ डेसिबल ए, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी क्षेत्रात रात्री १० च्या आत हा हिशेब ६५ वर येतो. जागा खासगी असेल तर सवलत ५ चीच आहे, म्हणजे ६०. म्हणून ठाण्यात जाऊन नम्रपणे अर्ज द्या की पत्रात "नियम ५ नुसार, सार्वजनिक मैदानाच्या हद्दीवर" असे शब्द घालून मिळावेत. माझा अनुभव असा आहे की आकड्याला जागा जोडून मागितली तर अधिकारी नाराज होत नाहीत, त्यांनाही मोजायला सोपं जातं. सरासरीवर फार विसंबू नका. मोजणारा हद्दीवर उभा राहून काही मिनिटंच मोजेल असं धरून तयारी ठेवा.

१० नंतर एक मिनिटही नाही. १० ते १२ ची सवलत राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं, सण-उत्सवांसाठी, आणि त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी काढतात. तुमची तारीख त्यात नसेल तर शेवटचं गाणं पावणेदहाला सुरू झालं पाहिजे, हे ऑर्केस्ट्राच्या करारात लिहा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या या बंदीवर ठाम भूमिका घेतली आहे, आणि त्यामागे झोप हा माणसाचा हक्क आहे हाच विचार आहे. मला तो पटतो.

आरोग्य केंद्र दूर आहे म्हणता, तरी अंतर मोजून अर्जात लिहा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. मैदानाजवळ शाळा असेल तर तीही लिहा.

आणि ऑर्केस्ट्रासाठी जागाच बदलता आली तर विचार करा. व्यापारी किंवा औद्योगिक म्हणून वर्ग ठरलेल्या जागेत, दिवसाच्या वेळेत, हद्दीवरची मर्यादा ७५ वर येते. १० डेसिबल मिळतात.

वडसा_नाटकवाला

जय झाडीपट्टी! वडशाला नाटकांच्या साऊंडवर आहे, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत फिरतो. दिवाळी झाली की आमचा हंगाम लागतो. वरच्या दोघांनी न सांगितलेली एक गोष्ट सांगतो जी.

दुपारी मोजलेला आवाज रात्री लागू होत नाही. दिवसा जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. थंडीत सूर्य बुडाला की जमीन झपाट्याने निवते, खालची हवा थंड आणि वरची गरम होते, आणि आवाज वळून परत जमिनीवर येतो. वैनगंगेच्या काठच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत हे इतकं होते की एका गावातल्या नाटकाचा संवाद नदीपलीकडच्या गावात अक्षरन् अक्षर ऐकू येते. तुमच्या तुरीच्या वावरापलीकडेही कोणाचं गाव असेलच. तिकडे तोंड करता तर त्या गावच्या पोलीस पाटलाला आधी फोन करून ठेवा. आणि साऊंड चेक करताना मीटर दुपारी नाही, सूर्य बुडाल्यावर फिरवा.

दुसरं, कीर्तनासाठी मोठे टॉप लावूच नका. नाटकाला आम्हाला जे लागते ते कीर्तनालाही लागते: शब्द. स्टेजवर माईक वरून टांगलेले, समोर जमिनीवर बसलेली माणसं, त्यांत लुगड्याच्या पदरात पोर घेऊन बसलेल्या बाया, रात्रभर जागणारी म्हातारी माणसं. त्यांना संवाद कळला नाही तर नाटक पडलं. आवाज मोठा करून संवाद कळत नाही. आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा बोलणं १० ते १५ डेसिबल वर असलं की पुरते. गावात रात्री शांत बसलेल्या लोकांमध्ये गोंगाट ५० च्या आसपास असते. म्हणजे ६५ ते ७० मध्ये कीर्तन स्वच्छ पोचते. तुमचे सहा लहान बॉक्स आहेत ना? दोन स्टेजच्या कडेला, दोन १५ मीटरवर, दोन ३० मीटरवर, सगळे वर, नाक खाली, उशीर दिलेला. प्रत्येक बॉक्सला ८-१० मीटरपर्यंतच पोचायचं असल्याने तो हळू वाजतो, आणि हद्दीपर्यंत जाईस्तोवर त्याचा जोर संपते. अशा मांडणीत हद्दीवर ६५ जमतात, मी स्वतः मोजले आहेत. १०० हर्ट्झच्या खालचं माईकवरून कापून टाका, त्याने शब्द मोकळा होते.

भजनी_आर्वी

मी साऊंडवाला नाही, खंजेरी वाजवतो आणि स्पर्धांना जातो. एवढीच विनंती की खंजेरीला स्वतंत्र माईक देऊन तो वाढवू नका. तिच्या झांजा इतक्या टोकदार असतात की गाणाऱ्याचा शब्द त्यांच्याखाली दबतो, मग ऑपरेटर गाणाऱ्याचा माईक वाढवतो, मग शिट्टी येते. गाणाऱ्याच्या माईकमध्ये खंजेरी जेवढी येते तेवढी भरपूर होते. आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येईल असा एक लहान मॉनिटर तिरपा करून ठेवा. स्वतःचं ऐकू आलं नाही की मंडळ ओरडायला लागतं, तिसऱ्या भजनाला गळे बसलेले असतात आणि परीक्षकांना वाटतं मंडळ बेसूर आहे.

दारव्ह्याचा_साऊंडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज बरंच हललं.

ऑर्केस्ट्राच्या ऑपरेटरशी फोनवर बोललो. वऱ्हाडी दादांनी सांगितलं तसंच विचारलं: ए का सी, सरासरी का शिखर. तो म्हणाला, सी, आणि गाणं चालू असताना मीटरवर स्लो सेटिंगला (आकडा हळूहळू बदलतो त्या) दिसतात ते. ए मध्ये किती चालतील विचारलं तर म्हणाला, "आमचे गायक ८८-९० वर खूश असतात, फक्त मॉनिटर चांगले द्या." कागद बदलून मागितला आहे.

ठाण्यात अर्ज दिला, ताईंनी सांगितलेल्या शब्दांत. साहेबांनी वाचून ठेवून घेतला, उद्या बोलावलं आहे.

समितीची बैठक रात्री झाली. स्टेज फिरवायला तयार झाले. म्हाताऱ्या माणसांसाठी घरी स्पीकर द्यायची कल्पना अध्यक्षांना इतकी आवडली की पाच घरांची नावं त्यांनी तिथेच लिहून दिली. ऑर्केस्ट्रा गावाबाहेरच्या जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) आवारात घ्यायचा विचार आहे. आवार लांबट आहे, लांबी अंदाजे दीडशे मीटर, गाव तिथून १ किलोमीटर. पण काही जण म्हणतात बायाबापड्या एवढ्या लांब रात्री कशा येतील. त्यावर वाद चालू आहे.

दोन गोष्टी विचारतो. जिनिंगच्या आवारात मिक्सरपाशी ए मध्ये किती ठेवले म्हणजे हद्दीवर ७५ बसतील? आणि मोबाईलवरच्या मीटर ॲपवर भरवसा ठेवायचा का?

वऱ्हाडी_मिक्सर

स्टेज एका टोकाला, हद्दीपासून थोडं आत घ्या. समोरची हद्द डेकपासून १३० मीटर धरू. ३० ते १३० मध्ये पावणेतेरा डेसिबल कमी होतात. म्हणजे मिक्सरपाशी ८७, आणि रात्रीच्या थंड हवेसाठी २ वजा, ८५. गायक ८८-९० म्हणतात, तर मिक्सर ३० ऐवजी २० मीटरवर आणा. साडेतीन डेसिबल तिथेच मिळतात आणि हद्दीवर काही वाढत नाही. बाजूच्या हद्दी जवळ असतील, तिकडे टॉपचं तोंड जराही वळू देऊ नका आणि दोन्ही बाजू मोजा. पाठीमागची हद्द बेसने ओलांडली जाते का ते सी लावूनही पाहा. कायदा ए मागतो, पण जिनिंगच्या चौकीदाराचं घर सी मध्ये हलतं.

बायाबापड्यांच्या येण्याजाण्याची काळजी रास्त आहे. गावातले ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले समितीला फेऱ्या देतील का, हे आधी विचारा. ते जमत नसेल तर ऑर्केस्ट्रा बाजाराच्या मैदानावरच घ्या, पण मग बेस अर्धे, टॉप बंद, वडशाच्या भाऊंनी सांगितलेली लहान बॉक्सची मांडणी, आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना आजच स्पष्ट सांगा की ७० ते ७२ मिळतील. त्यावर ते येतील की नाही हे त्यांना ठरवू द्या.

मोबाईल ॲपने दोन जागांमधला फरक पाहता येतो, पण तो आकडा अधिकाऱ्यासमोर ठेवता येत नाही. फोनचा माईक बोलण्यासाठी केलेला असतो, मोठ्या आवाजाला तो दाबून दाखवतो आणि बेस अर्धवट पकडतो. क्लास २ चं (ठरलेल्या अचूकतेचं) मीटर भाड्याने किंवा कोणाकडून मागून आणा, सोबत कॅलिब्रेटर (मीटर बरोबर आहे का ते तपासायचं यंत्र) असेल असं पाहा. कॅलिब्रेटर माईकवर बसवला की १ किलोहर्ट्झला ९४ दाखवलं पाहिजे. रोज सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर तपासा. माईकवर स्पंजची टोपी, उंची दीड मीटर, भिंतीपासून दूर. दर १५ मिनिटांनी हद्दीवरचा आकडा वहीत वेळेसकट लिहायला एक शाळकरी पोर बसवा. उद्या ठाण्यात जाताना ही वही ठेवणार आहोत हेही साहेबांना सांगा, आणि पत्र दुरुस्त होऊन आलं की इथे त्यातले शब्द टाका, बाकीच्या तालुक्यांतल्या मुलांनाही ते उपयोगी पडतील.